खिडकीवाल्यांची रांग

खिडकीवाल्यांना जहाजात जी खोली मिळाली तिला खिडकी नव्हती. यावर ते स्वतःच पोट धरून हसले आणि बायकोला म्हणाले की चौतीस वर्षं खिडकीत बसून काढली, आता पाच दिवस खिडकीवाचून काढायला काय हरकत आहे. बाईंना हसू आलं नाही. त्या पलंगाच्या कडेवर बसून कपाटाचं दार उघडायची खटपट करत होत्या. दार अर्धं उघडलं की पलंगाला आपटायचं आणि तिथेच थांबायचं. शेवटी त्या अर्ध्या फटीतून त्यांनी एकेक कपडा आत सरकवला. पायाखाली इंजिन घरघरत होतं आणि डोक्यावर कुणीतरी सारख्या खुर्च्या ओढत होतं. जाहिरातीतल्या चित्रात पलंगावर दोन टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते. इथे दोघांत मिळून टॉवेल एकच होता, आणि त्याची चिमणीसुद्धा झाली नसती.

खिडकीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. शहरातल्या सगळ्यात मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे त्यांनी उभी हयात घालवली, म्हणून लोकांनी ठेवलेलं ते नाव. सकाळी सातला त्या खिडकीपुढे दीड-दोनशे माणसं जमायची, पण कधी धक्काबुक्की झाली नाही. बड्या अधिकाऱ्याचा मेहुणा असो नाहीतर कोपऱ्यावरचा चांभार, नंबर आला की आत, नाही आला की बाकावर. वशिला हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. अंगात ताप असलेलं पोर किंवा काठी टेकणारं म्हातारं माणूस दिसलं तर ते आपणहून पुढे घ्यायचे, पण त्यालाही त्यांचा स्वतःचा एक कायदा होता, आणि त्या कायद्यात घरची माणसं सगळ्यात खाली होती. आपल्या माणसाला पुढे घेतलं की खिडकीची अब्रू गेली, असं ते म्हणायचे. गावाला या गोष्टीचं मोठं कौतुक. दिव्याखाली अंधार असतो तो फक्त दिव्याच्या घरच्यांनाच दिसतो.

बाई म्हणजे त्यांची बायको. तिची घरातच छोट्या मुलांची शाळा होती, म्हणून आळीपासून नवऱ्यापर्यंत सगळे तिला बाईच म्हणत. तीस पोरांना एका आवाजात गप्प करणारी ही बाई स्वतःच्या घरात मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची. मनात भडका उडायचा, तोंडातून फार तर 'बरं' एवढंच निघायचं.

ही जहाजाची सहल खरं तर बाईंनीच काढली होती, आणि तिचं कारण ना समुद्र होता ना हवापालट. तिसऱ्या दिवशी जहाज एका बेटाजवळ पाच तास थांबणार होतं आणि त्या बेटावर त्यांची धाकटी बहीण राहत होती. दोघी बहिणी नऊ वर्षांत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. नऊ वर्षांपूर्वी आईच्या पोटात कळा यायला लागल्या तेव्हा बाई तिला नवऱ्याच्याच दवाखान्यात घेऊन गेल्या. खिडकीतून नंबर मिळाला त्र्याहत्तर. आई चार तास बाकावर बसली, मग आत गेली, आणि आठव्या दिवशी वारली. चार तासांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी नंतर शंभरदा सांगितलं. धाकटी धावत आली, तिने विचारलं की भावोजी खिडकीत असताना आई चार तास बाकावर कशी, आणि बाई म्हणाल्या, "गर्दी फार होती गं." धाकटी त्यानंतर जी गेली ती गेलीच. फोन उचलेना, पत्राला उत्तर देईना.

तिच्या दारात जाऊन उभं राहायची बाईंची छाती नव्हती. दार लावून घेतलं तर काय करायचं? पण बंदराचा धक्का काही कुणाच्या घरात येत नाही. त्यांनी महिनाभर विचार करून एक ओळ पाठवली, की अमुक तारखेला जहाजाने येतेय, पाच तास आहेत. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'धक्क्यावर असेन.' एवढ्या दोन शब्दांवर बाईंनी पेटी भरली. नवऱ्यालाही त्यांनी दाखवलं. त्याने चष्मा लावून वाचलं आणि चांगलं झालं म्हणाला.

आता जहाज. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असला सगळा प्रकार. नाव एका महाराणीचं, आणि पोहण्याच्या तलावावर जाळी टाकलेली, कारण तो दुरुस्तीला काढलेला. सिनेमागृहात पलंग रचून ठेवलेले. लिफ्ट चढायची, उतरायची नाही. आणि जिकडे जावं तिकडे रांग. चहाला रांग, जेवणाला रांग, न्हाणीघरातल्या गरम पाण्याची तक्रार करायला रांग, आणि तक्रार ऐकणारा माणूस जेवायला गेला म्हणून परत तीच रांग.

बाईंचं डोकं पहिल्या दिवशीच फिरलं. नवरा मात्र रिटायर झाल्यापासून प्रथमच खुशीत होता. पहिल्या रात्री जेवायला गेले तर तिथे रांगच नव्हती, नुसती झुंबड होती. लोक एकमेकांच्या ताटावरून हात घालून भात ओढत होते. खिडकीवाल्यांनी दोन मिनिटं ते बघितलं, हातातलं रिकामं ताट बायकोकडे दिलं आणि पुढे होऊन शांत आवाजात, कुणालाही न दुखावता, भाताची एक आणि भाजीची एक अशा दोन रांगा लावून दिल्या. लहान मुलांच्या आयांना आधी सोडलं. सगळं दहा मिनिटांत सुरळीत झालं. बाई दोन्ही हातांत दोन रिकामी ताटं घेऊन उभ्या होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा भाताचा तळ लागला होता. वाढणारा शेवटी जेवतो, असं म्हणून नवऱ्याने पावाचे दोन तुकडे आनंदाने खाल्ले. बाई 'बरं' म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी लोक त्यांना जहाजाचंच माणूस समजू लागले. टॉवेल कुठे मिळेल, दवाखाना कुठल्या मजल्यावर, सगळं त्यांना विचारायचे आणि ते सांगायचेही. वरच्या डेकवर बाईंनी पहाटेपासून दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. एवढा एक समुद्र तरी फुकटचा होता, तो बसून बघावा. नवरा आला आणि येताना कंबर धरलेल्या एका आजोबांना आणि त्यांच्या लेकीला घेऊन आला. बाईंनी उठून खुर्च्या दिल्या, दुसरं करणार काय? समुद्र त्यांनी कठड्याला टेकून, उन्हात, पाय अवघडेपर्यंत बघितला. मनात म्हणाल्या, उद्या एकदा ते बेट येऊ दे, मग हे सगळं गेलं खड्ड्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला बेट आलं. जहाज मोठं, बंदरात पाणी उथळ, म्हणून ते मैलभर अलीकडेच नांगर टाकून उभं राहिलं. जायचं होतं छोट्या बोटीतून. एका फेरीत पन्नास माणसं, जाऊन यायला पाऊण तास. टोकन देणार असं पत्रकात छापलं होतं, पण ती आणायलाच कुणीतरी विसरलं होतं. खालच्या मजल्यावर लोखंडी दाराजवळ अडीचशे माणसं गोळा झाली. पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी भोंग्यातून ओरडत होता आणि त्याला कुणी जुमानत नव्हतं.

बाई आठ वाजल्यापासून तिथे उभ्या होत्या. अंगावर चांगली साडी, पिशवीत आईच्या बांगड्यांची एक जोडी, जी वाटणीत धाकटीची होती आणि द्यायची राहून गेली होती. दारापासून त्या चौथ्या किंवा पाचव्या. पहिली बोट त्यांचीच होती. मागे नवरा उभा होता. बाईंनी वळून पाहिलं नाही, कारण त्यांना ठाऊक होतं की आपण वळलो तर तो काय बघतोय ते आपल्यालाही दिसेल.

तो काय बघत होता ते न बघताच कळलं. मागून एका म्हातारीचा आवाज आला की अहो ढकलू नका, माझी काठी पडली. मग नवऱ्याचा तो चौतीस वर्षांचा मुरलेला आवाज, "एक मिनिट, सगळे एक मिनिट थांबू या."

लोक थांबले. त्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण दवाखान्यातही थांबायचे. खिशातून छोटी वही निघाली. ज्यांच्याजवळ काठी किंवा कडेवर मूल, ते आधी. मग साठीच्या पुढचे. मग बाकीचे, जे जेव्हा आले त्या क्रमाने. खिडकीवाले एकेकाला विचारत होते, नंबर लिहून कागदाचा तुकडा हातात देत होते, आणि लोक निमूटपणे घेत होते. अधिकाऱ्याने भोंगा खाली ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला. त्याने खिडकीवाल्यांचे दोनदा आभार मानले. पहिली बोट पंधरा मिनिटांत भरली, एकाचाही पाय घसरला नाही.

बाईंना जागा सोडून भिंतीला टेकावं लागलं. नवरा जवळून गेला तेव्हा त्यांच्या हातात त्याने दोन तुकडे ठेवले. दोनशे बेचाळीस आणि दोनशे त्रेचाळीस.

"आपण रांग लावणारे," तो हळूच म्हणाला. "आपण कसं आधी जायचं? पाच तास आहेत, पाचव्या फेरीला जाऊ. तास-दीड तास मिळतो तिला भेटायला."

बाईंच्या अगदी ओठांवर आलं. नऊ वर्षांचं बोलायला दीड तास? हा माणूस माझा नवरा आहे की जगाचा? समोर आपली तीस पोरं असती तर त्यांनी एका आवाजात ही सगळी रांग विस्कटली असती. त्यांनी कागदाचे तुकडे पिशवीत टाकले आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दुसरी बोट गेली, तिसरी गेली. काठीवाली म्हातारी पहिल्या बोटीतूनच गेली होती, जाताना खिडकीवाल्यांच्या गालावरून हात फिरवून. घरातल्या दिव्याचा उजेड असा सगळ्या आळीत पडत होता.

चौथी बोट परत आली तेव्हा तिच्यातले खलाशी भिजलेले होते. वारा फिरला होता. बोट शिडीला लागेना, लागली की आपटायची आणि पुन्हा लांब जायची. अधिकाऱ्याने दार लोटून घेतलं आणि भोंगा पुन्हा उचलला. आता कुणालाही नेता येणार नाही, गेलेल्यांना तेवढं परत आणणार, आणि जहाज ठरलेल्या वेळेच्या आधी निघणार.

मागे चाळीस-पंचेचाळीस माणसं उरली होती. एक जाडा गृहस्थ खिडकीवाल्यांच्या अंगावर आला. तो म्हणाला की मी साडेआठपासून दारात होतो, तुमच्या शिस्तीने माझा घात केला. खिडकीवाल्यांनी त्याला शांतपणे सांगितलं की रांगेत काही चूक नव्हती, चूक वाऱ्याची आहे. गृहस्थ शिव्या देत निघून गेला. बाईंना त्या शिव्या गोड लागल्या. निदान कुणीतरी दिल्या.

त्या एकट्याच वरच्या डेकवर गेल्या. कठड्यावरून बेटाचा धक्का दिसत होता. त्यावर माणसं होती, पण इतक्या लांबून बाई कोण आणि बुवा कोण तेही कळत नव्हतं. किनारा जवळ असल्यामुळे फोन लागला. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"ताई," धाकटी म्हणाली. नऊ वर्षांनी बाई तो आवाज ऐकत होत्या. त्यांनी कठडा धरला.

"समुद्र खवळलाय गं," त्या म्हणाल्या. "बोटीच बंद केल्या. आणि गर्दी फार होती."

मग धाकटी बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"ताई, मी सकाळपासून इथे उभी आहे. चार बोटी आल्या. उतरणाऱ्या प्रत्येकाला मी विचारलं, माझी बहीण दिसली का. एक काठीवाल्या आजी म्हणाल्या, जहाजावर एक देवमाणूस रांग लावतोय, त्यानेच मला पुढे काढलं, आणि त्याची बायको बिचारी भिंतीला टेकून उभी आहे. मला तेव्हाच कळलं."

बाईंनी पिशवीतल्या बांगड्या चाचपल्या.

"आईच्या वेळीही तू हेच म्हणाली होतीस. गर्दी होती." धाकटी थांबली. "तुला वाटतं मी भावोजींवर रागावले. ताई, ते तसेच आहेत, ते जगाला माहीत आहे. त्यांच्यावर कशाला रागवू? त्या दिवशी खिडकीत नवरा होता तुझा आणि बाकावर आई होती आपली. चार तासांत तू एकदा उठून खिडकीशी गेलीस? एकदा तरी म्हणालीस, माझ्या आईला आधी घ्या?"

बाईंना तो बाक आठवला. आईचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. खिडकी दहा पावलांवर होती. त्या चार तासांत मनातल्या मनात नवऱ्याला त्यांनी इतकं झोडपलं होतं की आपण काही बोललोच नाही हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाही गं म्हणाले."

"आणि आज?"

"आजही नाही."

धाकटी रडत होती की वारा होता, कळलं नाही. पाऊस यायला लागलाय, तरी जहाज हलेपर्यंत मी इथेच आहे, असं काहीतरी ती म्हणाली आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

खिडकीवाले जिना चढून वर आले तेव्हा बाई तशाच उभ्या होत्या. ते म्हणाले की खाली चौकशीच्या खिडकीवर बोटीचं भाडं परत देतायत, आपण रांगेत उभं राहू या, वेळ जाईल. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांच्या संसारात आज प्रथमच काय बोलायचं ते त्यांनी आधी मनात घोळवलं नाही.

"मला पहिल्या बोटीतून जायचं होतं," त्या म्हणाल्या.

"मग म्हणायचं नाही का?"

"म्हटलं असतं तर नेलं असतंत?"

खिडकीवाले खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तू कधी म्हटलंच नाहीस. तुझी आई बाकावर होती तेव्हा मी दर दहा मिनिटांनी मान वर करून बघत होतो. वाटायचं, ही आता उठेल, येऊन भांडेल. माझ्याच्याने कायदा मोडवत नव्हता. तू भांडली असतीस तर कदाचित मोडला असता."

ऐकून बाईंना इतका संताप आला की त्यांना नवऱ्याला कठड्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं, आणि मग स्वतःला. दोघं दहा पावलांवर बसून एकमेकांची वाट बघत राहिली आणि त्यात आई बाकावर बसून राहिली. हे नऊ वर्षांनी, भर समुद्रात, असल्या भिकार जहाजावर कळायचं होतं.

त्या जिना उतरून खाली गेल्या. खिडकीवाले पाठोपाठ आले. चौकशीच्या खिडकीपुढे चाळीस माणसांची रांग होती, सगळी चिडलेली, सगळी पैशासाठी भांडायला आलेली. खिडकीवाले सवयीने शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि बायकोसाठी पुढे हातभर जागा ठेवली.

बाई त्या जागेत थांबल्या नाहीत. त्या रांगेच्या बाजूने चालत पुढे गेल्या. मागून कुणीतरी अहो बाई अहो बाई करत होतं. सगळ्यात पुढे तोच जाडा गृहस्थ उभा होता. बाई त्याच्या शेजारी थांबल्या.

"मला आधी जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "माझी बहीण धक्क्यावर भिजत उभी आहे."

गृहस्थाने त्यांच्याकडे पाहिलं, धक्का ज्या दिशेला होता त्या भिंतीकडे पाहिलं, आणि एक पाऊल मागे सरकला. मागचे सगळे एकेक पाऊल सरकले. कुणी हूं की चूं केलं नाही. इतकं सोपं असेल असं बाईंना वाटलं नव्हतं, आणि ते सोपं होतं याचंच त्यांना रडू आलं.

त्यांनी खिडकीतल्या मुलीला विचारलं की उद्याच्या बंदरावर उतरून परत या बेटावर यायचं असेल तर काय सोय आहे. मुलीने कागद चाळले. सकाळी अकराला तिथून एक मालाची बोट निघते, ती माणसंही घेते, संध्याकाळी इथे पोचते. पण मग जहाज मिळणार नाही, परतीचा प्रवास आपला आपण करावा लागेल, पैसे परत मिळणार नाहीत. बाई म्हणाल्या की चालेल. मुलीने फॉर्म पुढे ओढला आणि किती जण उतरणार म्हणून विचारलं.

बाईंनी मागे वळून पाहिलं. रांगेच्या अगदी टोकाला खिडकीवाले टाचा उंचावून त्यांच्याकडेच बघत होते. त्यांच्यापुढे अजून चाळीस माणसं होती.

"सध्या एकच लिहा," बाई म्हणाल्या. "दुसरे रांगेत आहेत."